ज्याचं रक्त त्यालाच निकाल

माझं नाव बेबीनंदा. साठी उलटली तरी नावातली बेबी काही मोठी व्हायला तयार नाही. बदनापूरच्या जिल्हा परिषद शाळेत सगळी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर आता निवांत कुरडया घालाव्यात आणि दुपारी झोपावं असं मी ठरवलं होतं, तेवढ्यात विद्यापीठातून बोलावणं आलं. तिथं एक नीतिमत्ता समिती असते. माणसांवर कसलंही संशोधन करायचं असलं, कुणाचं रक्त घ्यायचं असलं, कुणाला घरातलं खाजगी विचारायचं असलं, तर आधी या समितीची परवानगी लागते. संशोधनाच्या नादात माणसाचं नुकसान होऊ नये हे बघणं तिचं काम. समितीत डॉक्टर असतात, प्राध्यापक असतात, वकील असतात, आणि नियमाप्रमाणे एक साधा माणूसही लागतो. तो साधा माणूस म्हणजे मी.

साध्या माणसाचं काम काय, तर लोकांना वाचायला द्यायचे कागद आधी आपण वाचायचे आणि ते कळतात का ते सांगायचं. पहिल्याच बैठकीत माझ्या हातात आलं, 'सहभागी व्यक्तीच्या कोपराच्या अग्रभागातील शिरेतून नमुना प्राप्त केला जाईल.' मी लाल पेन काढलं आणि लिहिलं, 'दंडाला पट्टी बांधून सुईनं रक्त काढू.' प्राध्यापक मंडळी हसली. मी नाही हसले. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचा मला पहिल्यापासून राग आहे, आणि तो मला लपवताही येत नाही.

डॉक्टर राधेश्याम यांचं संशोधन समितीपुढे आलं ते थॅलेसेमियाचं. माणूस चांगला. बोलतो कमी, ऐकतो जास्त, आणि डॉक्टरांत असं फार कमी सापडतं. त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. काही माणसांच्या रक्तात हा दोष असतो. त्यांना स्वतःला काही होत नाही, जन्मभर पत्ताही लागत नाही. पण नवरा आणि बायको दोघांच्याही रक्तात तो असला, तर होणाऱ्या लेकरांपैकी एखादं असं जन्मतं की त्याला दर थोड्या आठवड्यांनी दुसऱ्याचं रक्त चढवत जगवावं लागतं. नात्यात लग्नं झाली की हे जास्त दिसतं. आणि नात्यात लग्न करण्यात आमच्याकडं कुणीच मागं नाही. आमच्यात मामाची पोरगी, मुसलमानांत चाचाची नाहीतर फुप्पीकडची, म्हणजे आत्याकडची सोयरीक. तेव्हा लग्नाच्या वयाच्या पोरापोरींचं रक्त तपासून त्यांना आधीच सांगावं, असं ते संशोधन होतं.

मी हात वर केला. म्हणलं, "निकाल कुणाला सांगणार?"

"घरी कळवू," डॉक्टर म्हणाले.

"घरी म्हणजे कुणाला? आमच्याकडं घर म्हणजे बाप, आज्जा, सासू, चुलता. पोरीचं रक्त खराब हे बापाला कळलं तर पोरीला कळायच्या आधी गावाला कळंल." मी टेबलावर हात आपटला, बशीतलं बिस्कीट उडालं. "ज्याचं रक्त त्यालाच निकाल. दुसऱ्या कुणालाही नाही."

नियम मंजूर झाला. फोन करायचा, नाव विचारायचं, तीच व्यक्ती आहे याची खात्री करायची, आत्ता बोलता येईल का ते विचारायचं, मगच निकाल सांगायचा. वकील सुरेखाताईंनी माझ्या पाठीवर थोपटलं. त्या दिवशी गाडीत मला खिडकीची जागा मिळाली नाही तरी मी खुशीत घरी आले.

शिबिर आमच्याच गावात उर्दू शाळेत भरलं. लोक बिचकत होते, पण मी दारात खुर्ची टाकून बसले म्हणल्यावर यायला लागले. "बाई हैत ना, मंग काय न्हाई होत," असं म्हणत मदिना तिच्या लेकीला घेऊन आली. मदिनाचा नवरा अतिक जाऊन काही वर्षं झाली. ती, तिची एकुलती लेक अफ्रीन आणि सासरे रहमतुल्ला अशी तिघं स्टेशनकडच्या गल्लीत राहतात. रहमतुल्लाचाचा गाद्या-रजया भरून देतात. अफ्रीन माझी विद्यार्थिनी. पदवी झालीय, लहान पोरांच्या शिकवण्या घेते. वर्गात होती तेव्हाही कमी बोलायची आणि सगळं बघायची.

तिच्या मागोमाग इजहार आला. इजहार म्हणजे रहमतुल्लाचाचांच्या मुलीचा, गजालाचा मुलगा. गजाला तीर्थपुरीला दिलेली. इजहार आणि अफ्रीनचं लग्न व्हायचं हे दोन्ही घरांत आधीपासून ठरलेलं, आणि दोघांच्याही मनातलं. गादी न्यायला म्हणून तो त्या दिवशी बरोबर शिबिराच्या वेळेला आला होता. गादी नेली की नाही कुणास ठाऊक. बाही वर करून म्हणाला, "शेर का खून है डॉक्टरसाब, संभालके निकालो." अफ्रीन ओढणीत तोंड लपवून हसली. मलाही हसू आलं.

पुढं झालं ते असं. नोंद करणारी शालू नावाची तरुण मुलगी होती. ती मोबाइल नंबर विचारायची. आता आमच्याकडं पोरीचा नंबर परक्याला देत नाहीत. अफ्रीनकडं स्वतःचा फोन आहे, पण मदिनानं सवयीप्रमाणं सासऱ्यांचा नंबर सांगितला. शालूनं तो लिहिला. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, दारात बसलेल्या मलाही नाही. आणि रहमतुल्लाचाचांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो. मुलीचा फोन असो की कापूस विकणाऱ्याचा, अख्खं घर ऐकतं. त्या घरातच नव्हे, आमच्या सगळ्या गल्लीत फोन असाच बोलतात. कानाला लावून कोपऱ्यात गेलं की लोक विचारतात, काय झालं?

निकालाचा फोन आला त्या दुपारी गजाला तीर्थपुरीहून चार बायकांना घेऊन लग्नाची तारीख धरायला आली होती. सतरंजीवर मिठाई, चहा. अफ्रीन डोक्यावर ओढणी घेऊन कप भरत होती. शालूनं फोन केला आणि अफ्रीनशी बोलायचंय म्हणाली. चाचांनी फोन तिच्यासमोर धरला.

"अफ्रीनच बोलताय ना?"

"हो, मीच."

"आत्ता बोलता येईल का?"

आता होणाऱ्या सासूसमोर, पाहुण्या बायकांसमोर, कुठली पोरगी म्हणेल की न्हाई, थांबा, मी फोन घेऊन बाहेर जाते? बाहेर जाऊन कुणाशी बोलून राह्यली, हा प्रश्न पडला असता. अफ्रीन म्हणाली, "हो, बोला."

आणि शालू बोलली. लिहून दिलेलं सगळं नीट, सावकाश बोलली. तुमच्या रक्तात थॅलेसेमियाचा दोष सापडला आहे, घाबरू नका, तुम्हाला आजार नाही, लग्नाआधी होणाऱ्या नवऱ्याचं रक्त तपासून घ्या. पण पाहुण्या बायकांनी ऐकला तो एकच शब्द, दोष. पुढचं कुणी ऐकलंच नाही. एकीनं हातातला पेढा परत ताटात ठेवला, एवढं मदिनाला अजून दिसतं.

गजाला उठली. सख्ख्या भावाची लेक, पण उठली. जाताना दारात म्हणाली, "हमारे खानदान में ऐसा कुछ नही था. मायके से लाई होगी भाभी."

म्हणजे पोरीबरोबर आईलाही डाग लागला. संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं, आणि बाजाराच्या दिवशी तीर्थपुरीला. अफ्रीनच्या शिकवणीची दोन पोरं येईनाशी झाली. मदिना माझ्याकडं आली, ओट्यावरच बसली, आत आली नाही. रडली पण नाही. "बाई," म्हणाली, "तुमी दारात व्हत्या म्हणून आमी गेलतो."

मी रात्रभर तळमळले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं विद्यापीठात जाऊन अध्यक्षांच्या टेबलावर तक्रार ठेवली. म्हणलं, बैठक लावा. लगेच लावा.

बैठक लागली. आणि बैठकीत जे होतं तेच झालं. सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं आणि मग सगळ्यांनी शालूकडं बघितलं. कंत्राटावरची पोरगी, तिला काढून टाकलं की कागद स्वच्छ. एक प्राध्यापक म्हणाले, "तिनं स्पीकर आहे का ते विचारायला हवं होतं." मी म्हणलं, "तुम्ही तिला तो प्रश्न लिहून दिला होता का? मी दिला नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका. तिनं आपला नियम शब्दाशब्दानं पाळलाय, नियमच लंगडा आहे." डॉक्टर राधेश्यामही म्हणाले, "जबाबदारी माझी आहे, तिची नाही." तेवढ्यावर शालू वाचली.

मग मी विचारलं, "त्या पोरीचं नुकसान झालंय, त्याचं काय?"

अध्यक्षांनी विम्याचा कागद चाळला. संशोधनात सहभागी व्यक्तीला शारीरिक इजा झाल्यास उपचार आणि भरपाई मिळेल, असं त्यात होतं. सुई टोचून हात सुजला असता तर भरपाई होती. लग्न मोडणं ही इजा धरलेली नव्हती. मी त्या कागदाकडं बघत बसले. माझा संताप गिळायला तिथं नुसता चहा होता, तोही गार झालेला.

ठरलं असं. फोनवरून निकाल सांगणं बंद. उरलेल्यांना एकेकटं बोलावून, बंद खोलीत, समोरासमोर सांगायचं. डॉक्टरांनी अफ्रीनच्या घरी जाऊन माफी मागायची आणि हा दोष म्हणजे काय ते घरच्यांना नीट समजावायचं. समितीच्या वतीनं मीही सोबत जायचं.

मी जिना उतरत होते तर शालू खालच्या वळणावर उभी. डोळे सुजलेले. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला तर ती एकदम बोलून गेली, "बाई, पुढच्या आठवड्यात मी त्याला फोन करणार व्हते. इजहारला. त्याच्यात बी तेच निघालंय. आधी त्याला केला असता तर तिला एकटीला कुणी बोललं नसतं." आणि बोलल्यावर स्वतःच तोंडावर हात धरला.

मी तिला म्हणलं, "तू हे बोलली नाहीस आणि मी ऐकलं नाही." पण ऐकलं ते ऐकलंच. कान काही पाटी नव्हे, पुसायला. सबंध वाटेत माझ्या डोक्यात तेच. आजा एक, रक्त एक. रहमतुल्लाचाचांकडून लेकाच्या लेकीत उतरलं आणि लेकीच्या लेकातही. काखेत कळसा, आणि सगळी तीर्थपुरी मदिनाच्या माहेराला वळसा घालत होती. एका वाक्यात मदिना सुटली असती, अफ्रीन सुटली असती. आणि ते वाक्य मला बोलता येत नव्हतं. समितीत घेताना गुप्तता पाळण्याची शपथ दिली होती, आणि ती नसती तरी नियम माझाच होता. ज्याचं रक्त त्यालाच निकाल. मी सुरेखाताईंना फोन करून नाव न घेता विचारलं, एकाचा निकाल सांगितल्यानं दुसऱ्याचं भलं होत असलं तर? त्या म्हणाल्या, "त्यानं स्वतः सांगावं. आपण सांगितलं तर पुन्हा तेच पाप."

तेव्हा माझी सगळी आशा इजहारवर. पोरगा मनाचा चांगला. त्याला कळलं की तो स्वतः सांगेल, असं मी धरून चालले होते.

त्याला उर्दू शाळेत बोलावलं. डॉक्टर आत, मी व्हरांड्यात, सगळं नियमानं होतंय ना हे बघायला. तो आत गेला तेव्हा शीळ घालत गेला. बाहेर आला तेव्हा नळाखाली तोंड धुतलं, परत धुतलं. मग माझ्याजवळ येऊन म्हणाला, "बाई, हे कुणाला कळंल का?"

"तू सांगितलंस तरच."

"अम्मीला बी न्हाई?"

"तू सांगितलंस तरच," मी परत म्हणलं. आणि मला राहवेना. "इजहार, तिकडं एक पोरगी एकटी बोलणी खाऊन राह्यली. तू काही करू शकत असशील तर कर."

"हौ बाई," म्हणाला, आणि मोटारसायकलला किक मारून गेला.

मी वाट बघितली. चार दिवस, आठ दिवस. तीर्थपुरीहून काही येईना. मग माफीच्या भेटीचा दिवस आला. रहमतुल्लाचाचांनी त्या दिवशी गजालाला आणि इजहारला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. डॉक्टर येणारच आहेत तर सगळ्यांसमोर सांगू द्या, असा म्हाताऱ्याचा हिशेब.

तीच सतरंजी. गजाला भिंतीला पाठ लावून ताठ बसलेली. इजहार दाराजवळ. मदिना चहा आणून ठेवत होती, गजालासमोरचा कप सगळ्यात शेवटी. अफ्रीन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी.

डॉक्टरांनी माफी मागितली. हात जोडून, सरळ शब्दांत. "तुमची खाजगी गोष्ट आमच्या चुकीनं बाहेर गेली. अफ्रीनची चूक नाही, तिच्या आईची नाही." मग त्यांनी दोष म्हणजे काय ते सांगितलं. चाचांना ऐकू यावं म्हणून मोठ्यानं सांगितलं. एकाच्याच रक्तात असला तर लेकराला धोका नाही. फार तर लेकरू अफ्रीनसारखं होईल, आणि अफ्रीनला कधी काही झालंय का? दोघांत असला तरच भीती.

गजाला पुढं सरकली. "मतलब मेरे बेटे में नही होंगा तो बच्चेकू कुछ नही?"

"नाही."

तिचा चेहरा बदलला. खरं सांगते, त्या क्षणी मला ती बाई आवडली. भावाची लेक सोडून द्यायला तिचंही मन होत नव्हतं, लोकांच्या बोलण्याला भिऊन उठली होती बिचारी. ती वळून म्हणाली, "इजहार, तेरा भी तो जांचे थे ना? तेरेकू बुलाए थे. क्या निकला?"

खोलीत तिघांना उत्तर ठाऊक होतं. डॉक्टरांनी मान खाली घातली आणि कपाचा दांडा धरून बसले. मी इजहारकडं बघत होते. बोल रे बाळा, मी मनात म्हणत होते, बोल, आत्ता बोल.

तो अफ्रीनकडं बघून म्हणाला, "मेरा बराबर है, अम्मी. कुछ नही निकला."

लाजेपोटी खोटं बोलला असता तर मी समजून घेतलं असतं. पण त्याच्या डोळ्यांत लाज नव्हती, हाव होती. त्याला ती हवी होती. त्याला वाटलं, एवढंसं खोटं, आणि सगळं जागेवर येतं. पुढचं पुढं बघू, अल्ला मालिक. आमची माणसं बँकेत, दवाखान्यात, देवाच्या दारात असंच करतात, आज निभावून नेतात.

आणि खरंच सगळं जागेवर यायला लागलं. गजाला उठली, मदिनाजवळ गेली, "भाभी, माफ करना," म्हणत तिला मिठी मारली. मदिना तेव्हा रडली, इतक्या दिवसांचं सगळं एकदम. चाचांनी साखर आणायला सांगितली. गजालानं चिमूट साखर हातात घेतली. "अफ्रीन, इधर आ बेटा."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो काय असतो ते मला तेव्हा कळलं. डॉक्टर गप्प, मी गप्प, आणि पोरीच्या तोंडात साखर जायच्या बेतात. मी मागं एकदा डॉक्टरांबरोबर शहरातल्या दवाखान्यात ती लेकरं बघून आले होते. एक मुलगी रक्ताची बाटली लावलेल्या हातानं गृहपाठ करत होती. तिच्या आईनं मला विचारलं होतं, "आधी कुणी सांगितलं असतं तर?" ज्या नियमानं मी या पोरीला जपायला निघाले होते, तो नियम आता तिच्या आणि खऱ्या गोष्टीच्या मधे उभा होता, आणि त्याला तिथं मीच उभं केलं होतं.

"गजाला," मी म्हणलं, "साखर जरा थांबव."

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"डॉक्टर, लग्न ठरलेल्या पोरापोरींनी लग्नाआधी सोबत जाऊन रक्त तपासावं, असं आपण सगळ्यांनाच सांगतो ना?"

डॉक्टरांनी वर बघितलं. "हो," म्हणाले. "सगळ्यांनाच सांगतो."

"मग यांनाही सांगा."

"पर हुआ ना एक बार," गजाला म्हणाली. "दोनों का हुआ."

"ते वेगवेगळं झालं. आता सोबत जायचं, निकाल पण दोघांनी सोबत घ्यायचा. विद्यापीठाकडून नाही, कुठल्याही प्रयोगशाळेत जा."

"बाई, मेरे बेटे पे शक करून राह्यल्या का तुमी?"

मी काहीच बोलले नाही. तेवढंच माझ्या हातात होतं. पण सगळी हयात पोरांचे चेहरे वाचण्यात गेली, स्वतःचा चेहरा कोरा ठेवायला मी कधी शिकलेच नाही. उंबऱ्यातून अफ्रीन इजहारकडं बघत नव्हती. ती माझ्याकडं बघत होती. मग डॉक्टरांकडं, त्यांच्या हातातल्या गार कपाकडं. मग ती पुढं आली.

"मी जाते," ती म्हणाली. "इजहार, उद्या जाऊ. चलता ना?"

"क्या जरूरत है अफ्रीन," तो हसल्यासारखं करत म्हणाला. "बोला ना मैं."

"चलता क्या नही, इतनाच बोल."

तो सतरंजीचा निघालेला धागा ओढत राहिला. गजाला आधी त्याच्यावर डाफरली, "अरे बोल ना, जाता बोल." मग तिचा आवाज हळू झाला. "बोल ना रे." चिमटीतली साखर तिच्या बोटांतून सतरंजीवर सांडत होती, तिच्या लक्षातही आलं नाही.

"क्या बोला उसने?" रहमतुल्लाचाचांनी विचारलं. "मेरेकू सुनाई नही दिया. क्या बोला?"

इजहार उठला आणि बाहेर गेला. मोटारसायकल सुरू व्हायचा आवाज आला नाही. तो गल्लीतच कुठंतरी उभा असावा. गजाला खाली बसली. मदिना तिच्याकडं बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं. आता कुणाचं माहेर, कुणाचं खानदान, हे विचारायला कुणाच्यात जोर उरला नव्हता.

डॉक्टर मला म्हणाले, "चला." मी उठले. मी नियम मोडला का? एक शब्दही मोडला नाही. आणि तरी आज त्या पोराचं गुपित त्याच्या आईसमोर उघडं पडलं होतं, ते माझ्यामुळंच. समितीपुढं मी हे कसं सांगणार होते, आणि सांगणार होते का, ते मला ठाऊक नव्हतं. एकीचं नाव धुवायला गेले आणि दोघांचं लग्न मोडून निघाले, एवढंच मला दिसत होतं.

मी दाराशी चपला पायात घालत होते तेव्हा अफ्रीन माझ्या मागं येऊन उभी राहिली. मला वाटलं विचारेल. विचारलं असतं तर मी काय केलं असतं देव जाणे. तिनं विचारलं नाही. तिचे डोळे कोरडे होते.

"बाई," ती म्हणाली, "तुमी काहीच सांगितलं न्हाई. विद्यापीठातून कुणी विचारलं तर मी बराबर हेच सांगीन."

आणि ती आत आईकडं गेली. मी उंबऱ्यावर एका पायात चप्पल घालून तशीच उभी राहिले, आणि मला रडू आलं.